वान्झाच्या बाबांची मोटर

कियोकोच्या दुरुस्तीच्या दुकानात फळीवर तीन मोटरी मांडल्या होत्या. माझा दीर मुथियानी त्यांच्याकडे मुली पाहायला आल्यासारखा बघत होता.

"वहिनी, ही मिक्सरची घ्या," तो म्हणाला. "सगळ्यात जोरात फिरते. जितकी जोरात फिरेल तितकं काम लवकर उरकेल."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "तुला फक्त आवाज मोठा लागतो."

मी चिडलेलीच होते. भाड्याच्या मोटरसायकलवरून पडून माझ्या नवऱ्याचं, वान्झाच्या बाबांचं, उजवं मनगट मोडलं, आणि जुळलं ते वाकडंच. हातात धरण्यापुरतं बळ राहिलं, पण लाकूड तासायच्या वाकसाचा घाव घालता येईना. आमच्या वामुन्यू गावातल्या लाकडी कोरीवकामाच्या शेडमध्ये लग्नाआधीपासून त्यांची जागा आहे. पाऊस संपेपर्यंत ते कामाला बसले नाहीत, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. मग मोम्बासा शहरात जाऊन कुणाच्या तरी फाटकावर राखण करायची, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. जायची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातलेली मी रोज बघत होते.

पूर्वी मी शेडमध्ये चहा घेऊन गेले की म्हणायचे, "सर बाजूला, उजेड अडतोय." आता उलटंच झालं होतं. मी उठले की म्हणायचे, "बस ना थोडी."

मोटरीने फिरणारं बारीक टोक असलं की घाव घालावा लागत नाही, पेन्सिलीसारखं नुसतं धरायचं. जनावराचा ओबडधोबड आकार मुथियानी काढून देणार होता, डोळे-कान-मान वान्झाच्या बाबांनी करायची. मोटर आणि टोक जोडायला मोटरसायकलच्या स्पीडोमीटरची आत फिरणारी वायर कियोकोने सुचवली. हात मोडला मोटरसायकलने, तर भरपाईही तिनेच करावी, हे मला पटलं.

प्रश्न होता फक्त मोटरीचा. कियोकोने आधी केस वाळवायच्या यंत्रातली लावली. मस्त भिरभिरली, पण टोक लाकडाला टेकताच गपकन थांबली.

"रिकामं पळणं वेगळं, ओझं घेऊन पळणं वेगळं," कियोको म्हणाला.

"मी म्हणतोय ना, मिक्सरची," मुथियानी म्हणाला.

मिक्सरची लावली. ती अशी किंचाळली की शेजारची चपात्या लाटणारी बाई लाटणं घेऊन बाहेर आली. नीलमोहराच्या लाकडावर काळा डाग पडला आणि थोड्याच वेळात मोटरीतून जळका वास येऊ लागला.

"ही मिनिटभर फिरायला केलेली," कियोको म्हणाला. "दिवसभर राबवाल तर मरेल."

तिसरी होती शिलाई मशीनची. आमच्या बाजारातल्या शिंपिणी सकाळपासून अंधार पडेपर्यंत तीच चालवतात. पायडल हलकं दाबलं की हळू, जोरात दाबलं की भरधाव. मिक्सरएवढा वेग नव्हता, पण टोक लाकडात शिरलं तरी ती अडली नाही, आणि बराच वेळ चालवून मी हात ठेवला तर नुसती कोमट.

"हीच," मी म्हटलं. मुथियानीने तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पॉलिशवाल्यांच्या खोलीतून वीज ओढली. वान्झाचे बाबा आपल्या जागेवर जमिनीवर बसले. मुथियानीने काढून दिलेला जिराफ त्यांनी दोन्ही पायांच्या तळव्यांत घट्ट धरला, टोक हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणि हे पायडल कोणी दाबायचं?"

आम्ही सगळे कांबा जमातीचे. आमच्यात कोरायचं काम पायांतच धरतात, मूल बसायला लागलं की त्यालाही हे ठाऊक असतं. आणि मी, कियोको, मुथियानी, तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की पाय मोकळा राहणार नाही! शिंपिणीचे पाय रिकामे असतात, कोरणाऱ्याचे नसतात, एवढंही मला मोटर घेताना सुचलं नव्हतं. मला स्वतःचाच इतका राग आला की रडूच आलं.

त्यांनी टोक खाली ठेवलं. "राहू दे," म्हणाले. "मोम्बासाला बरं आहे."

"मोम्बासा गेलं खड्ड्यात!" मी फतकल मारून बसले आणि पायडलवर हात ठेवला. "मी दाबते. कोरा."

"हळू... अगं हळू! डोळा काढायचाय, विहीर खणायची नाही."

"मग नीट सांगा ना, किती ते!"

"आता जोरात. थांब! थांब म्हटलं ना!"

सगळी शेड हसत होती. पण जिराफाला एक डोळा आला, आणि तो अगदी त्यांच्याच हातचा होता, किंचित झोपाळू. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा गुडघा हलला. काम पायांत धरलेलं असलं तरी गुडघा बाहेरच्या बाजूला हलवता येतो, हे त्यांना तेव्हाच सुचलं असावं.

"मुथियानी, तो ओंडका इकडे सरकव. पायडल त्याला उभं बांध. गुडघ्याला लागेल असं."

मुथियानीने सायकलच्या जुन्या ट्यूबने पायडल बांधलं. वान्झाच्या बाबांनी गुडघा जरा बाहेर रेटला. मोटर गुणगुणली. अजून रेटला, ती पळायला लागली. पाय जागचे हलले नाहीत. दुसरा डोळा झाला, मग कान, मग मानेवरची आयाळ. मी चुलीवर मका-घेवडा ठेवून आले होते, तरी माझ्याने उठवेना.

"वान्झाची आई," ते मान वर न करता म्हणाले.

"काय?"

"सर बाजूला. उजेड अडतोय."

मी उठले. घरी गेले आणि आधी दोरीवरची ती पिशवी काढून तिच्यात कांदे भरून ठेवले.