नसलेला ब्रेक

मास्तरांचा पाय मास्तरांच्या ऐकण्यातला नव्हता. उभं आयुष्य लोकांना मोटार शिकवण्यात गेलेलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तर तो कचकन दाबत आणि मग तोंडाने त्याचा उद्धार करत. होता होता पायाला अशी चटक लागली की बायको कपात चहा जरा जोरात ओतायला लागली, तरी टेबलाखाली मास्तरांचा पाय फरशी दाबायचा. जित्याची खोड, दुसरं काय! लोक त्यांना ब्रेकमास्तर म्हणत, आणि मास्तरांना त्यात आपला गौरव वाटे.

त्यांच्या शाळेचा नियम एकच होता. मास्तरांनी 'हं' म्हटल्याशिवाय सरकारी परीक्षेला जायचं नाही. हा 'हं' मिळवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत. सगळ्यात वाईट हाल सख्ख्या जावयाचे झाले. ते लग्नाआधीपासून शिकत होते. लग्न झालं, संसार मांडला, लेकीला दिवस गेले, तरी जावईबापू कच्चेच.

"जावईबापू, गाडी मागे घेताना डोळे मिटायचे नसतात," मास्तर सांगत. "देवाची आठवण गाडी लावून झाल्यावर काढावी."

असे हे मास्तर रविवारच्या पलटणीत होते. म्हणजे आठवडाभर आपापला धंदा सांभाळायचा आणि रविवारी गणवेश चढवून मैदानावर कवायत करायची. पलटणीत एक न्हावी होता, एक फुलवाली होती, बँकेतला एक कॅशिअर होता. पूर आला तर वाळूची पोती उचलायची, यापलीकडे आपलं सैनिकपण जाणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. म्हणून समुद्रापार तैनातीचं बोलावणं आलं तेव्हा न्हाव्याने अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवला आणि गिऱ्हाईकालाच विचारलं, "आम्हाला? खरंच आम्हाला?"

खरंच त्यांना. त्या परक्या मुलखात भांडणं नुकती मिटली होती. गावोगाव धान्य आणि औषधं पोहोचवायची होती आणि कायमच्या फौजेकडे ट्रक होते, पण ड्रायव्हर पुरत नव्हते.

लेक मात्र रागावली. "बाबा, दिवस भरले की मला दवाखान्यात कोण नेणार? दवाखाना डोंगरापलीकडे. ह्यांना तुम्ही अजून गल्लीच्या बाहेर सोडलं नाहीत!"

"मी येतो ना. रजा काढून येतो. माझा शब्द," मास्तर म्हणाले, आणि विमानात बसले. विमान सुटलं तेव्हाही पाय दाबलेलाच होता.

तिकडे गेल्यावर कळलं की त्या मुलखात गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूने चालतात. पहिल्याच आठवड्यात दोन ट्रक समोरासमोर उभे राहिले आणि दोन्हीही आपलेच निघाले. मग वरून हुकूम आला, की मास्तरांनी पास केल्याशिवाय कुणीही, अगदी कुणीही, चाकामागे बसायचं नाही.

त्या 'अगदी कुणीही'मध्ये छावणीचे मोठे साहेब आले. साहेब हाडाचे फौजी. रविवारच्या पलटणीला ते "दुकानदारांची सहल" म्हणत. न्हाव्याने सलाम ठोकला की विचारत, "आज दुकान बंद वाटतं?" त्यांना स्वतःची जीप स्वतः चालवायची भारी हौस. पण आजवर ड्रायव्हर दिमतीला असल्यामुळे मागे काय चाललंय हे बघायची सवय त्यांना नव्हती.

"साहेब, आरसा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, फौजेत मागे बघत नाहीत."

"मागचा ट्रकही फौजेचाच आहे, साहेब. तो पुढे बघतोय की नाही, तेवढंच बघायचंय."

साहेब नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले. छावणीत तोंडं दाबून हसणाऱ्यांची संख्या वाढली. फुलवालीने तर साहेबांसाठी सांत्वनाचा गुच्छ बांधायची तयारी दाखवली.

अशातच घरून बायकोचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलंय, आता कधीही. मास्तरांनी टोपी नीट केली आणि रजेसाठी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

साहेबांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. "उद्या सामानाचं विमान परत जातंय. त्यात एकच जागा आहे," ते म्हणाले. "आणि आज दुपारी माझी परीक्षा आहे. नाही का?"

"आहे, साहेब."

"मग बघा."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यात हरी कोण आणि गाढव कोण, याचा विचार मास्तर जीपपर्यंत चालत जाताना करत होते. त्यांनी मनाशी पक्कं केलं. आज साहेबांनी जीप विहिरीत घातली तरी म्हणायचं, 'वा, छान भिजलो.' लेकीपुढे कसला आलाय आरसा!

आणि साहेबही त्या दिवशी बरे चालवत होते. योग्य बाजू, योग्य वेग. छावणीबाहेरच्या बाजारात शिरल्यावर मास्तरांना मनातल्या मनात विमानाची शिडीसुद्धा दिसायला लागली. तेवढ्यात भाजीच्या गाड्याला वळसा घालायला साहेबांनी जीप बाजूला काढली, आरशाकडे ढुंकूनही न पाहता. मागून येणाऱ्या सायकलवरच्या म्हाताऱ्याने करकचून ब्रेक दाबला, तोल सावरला आणि त्याच्या भाषेत जे काय बोलायचं ते बोलला. ते समजायला दुभाष्या लागला नाही.

मास्तर सरळ समोर पाहत होते. चेहरा कसा निर्विकार. पण साहेबांची नजर खाली गेली. मास्तरांचा पाय जीपच्या पत्र्यात रुतल्यासारखा दाबलेला होता.

साहेबांनी गाडी थांबवली. "मास्तर, तुमचं तोंड काय म्हणतंय?"

"तोंड पास म्हणतंय, साहेब."

"आणि पाय?"

मास्तरांनी पायाकडे पाहिलं. मग वळून मागे म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो सायकलच्या पिशवीतून सांडलेले बटाटे गोळा करत होता. "पाय नापास म्हणतोय," ते म्हणाले आणि बटाटे उचलायला खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी त्या एका जागेवर बसून कॅशिअर गेला. त्याची दाढ दुखत होती.

"एक 'हं' म्हणायला काय जात होतं तुमचं?" न्हावी चिडला. आपण लेकीला दिलेला शब्द मोडला, एवढंच मास्तरांना कळत होतं, आणि जेवण जात नव्हतं.

तीन दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, तारघरातल्या शिपायाने फोन भोजनगृहातच आणून दिला. पलीकडून गाडीचा आवाज येत होता.

"ऐकताय ना? पोरीच्या कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात निघालोय," बायको म्हणाली.

"कोण चालवतंय?"

"जावईबापू."

"त्यांना परवाना नाही!"

"आहे. तुम्ही गेलात त्याच महिन्यात मी त्यांना परीक्षेला पाठवलं. पहिल्या फटक्यात पास झाले. तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही तिथून नापास केलं असतंत."

भोजनगृहात चमचे थांबले. मास्तर मटकन बाकावर बसले, आणि टेबलाखाली पाय दाबला गेला.

"अहो, आरसा! डोंगराची वळणं आहेत!"

"बघतोय, बाबा," जावईबापूंचा आवाज आला. पलीकडे बायकोने स्पीकर लावला होता.

"डोळे उघडे आहेत ना?"

"बाबा, गप्प बसा हो!" लेक कळवळून ओरडली. "ते छान चालवतायत, आणि मला तुमचा ब्रेक नकोय!"

शिपाई घड्याळाकडे बघत फोन परत न्यायला पुढे आला. प्रत्येकाला ठरावीकच वेळ मिळे. पलीकडच्या टेबलावरून साहेबांनी हात वर केला. "राहू दे चालू." मग ताट घेऊन ते मास्तरांसमोर येऊन बसले. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"मास्तर, पाय."

मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला, तो हट्टी पाय उचलला आणि बाकावर आडवा ठेवला. आजवर त्यांनी कुणालाच ब्रेकशिवाय सोडलं नव्हतं. ते फोनमधली इशाऱ्याच्या दिव्याची टिकटिक ऐकत राहिले. मग टिकटिक बंद झाली, इंजिन बंद झालं, दारं उघडली आणि कुणीतरी चाकांची खुर्ची मागवली.

"पोहोचलो," धापा टाकत बायको म्हणाली. "नेलं तिला आत."

"गाडी कशी लावलीय?"

"वाकडी. दोन गाड्यांची जागा अडवलीय."

मास्तरांनी डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"असू दे," ते म्हणाले. "जावईबापूंना सांग, हं."

फोन ठेवला तेव्हा भोजनगृहात सगळे एकदम बोलायला लागले. साहेब घसा खाकरून पुढे झुकले. "आणि माझं काय, मास्तर? आज मन मोठं दिसतंय तुमचं."

"तुम्ही उद्या या, साहेब," मास्तर नाक पुसत म्हणाले. "आरशात बघत बघत या."