न वाळलेली चादर

आमच्या मालकांनी फौजेत सोळा वर्सं काढली, त्यातली सहा राजस्थानात. पेन्शनीबरोबर तिथलं एक शहाणपण घरी आणलं. उन्हाळ्यात दार लावून घ्यायचं, खिडक्यांना ओल्या चादरी टांगायच्या, नि गप पडून ऱ्हायचं.

दुष्काळी खंडाळ्याकडं आमचं घर उघड्या, कोरड्या माळावर हाय. तिथं हे चालतं. चादर अर्ध्या तासात वाळून पापड होती, मग परत बादलीत बुडवायची. मालक खाटंवरनं म्हणत्यात, "शालू, भिजव." भिजवायला मीच की! पण खोटं कशाला बोलू, खोली लय गार होती. मी गावभर कौतुक सांगत हिंडायची.

मे महिन्यात पूजाचा फोन आला. पूजा आमची लेक, सांगलीकडं दिलीया. तिचं घर उसात. तिन्ही अंगांनी डोक्याच्या वर ऊस नि सरीत सदानकदा पाणी. तिची सासू धोंडुबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर पडलेली. पूजाला नि जावयाला पोराच्या कॉलेजच्या कामाला पुण्याला जायचं व्हतं.

"आई, एक दिवस तुम्ही दोघं येऊन आत्याबाईंना बघा. उकाड्यानं त्यांचा जीव जातोय."

मालकांनी फोन माझ्या हातनं घेतला. "तू निर्धास्त जा. मी गार ठेवतो."

आम्ही आदल्या सांजंला पूजाच्या घरी पोचलो नि पोरं पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेली. मालकांनी नवाच्या आत खिडक्यांना चादरी टांगल्या, दार लावलं नि दाराशी खुर्ची टाकून पहाऱ्यावर बसल्यागत बसलं. धोंडुबाई व्याह्यासमोर कधी उघड्या डोक्यानं बसली न्हाई, थेट बोलली तर न्हाईच. पडल्या पडल्या तिनं पदर कपाळापातुर ओढून घेतला. व्याही बसलं तवर पदर बाजूला व्हायचा न्हाई, हे मला ठाऊक व्हतं.

अकराला लाइट गेली. पंखा थांबला.

बाराला मी चादरीला हात लावून बघितला. सकाळी टाकलेली, तशीच थबथबीत. मला बरंच वाटलं. म्हटलं, आज बादली उचलायला नको. माझ्या मानंवरनं घामाच्या धारा लागलेल्या, पुसला तरी निघंना. तरी डोक्यात काय आलं न्हाई.

एकच्या सुमाराला धोंडुबाईनं माझं मनगट धरलं नि मालकांना ऐकू जाणार न्हाई अशी बोलली, "विहीणबाई, दार उघडा वं. घुसमटतंय."

मी मालकांकडं बघितलं. ते वर्तमानपत्रानं वारा घेत बसलं व्हतं. दार उघडा म्हटलं असतं तर म्हणालं असतं, तुला काय कळतंय त्यातलं. मी धोंडुबाईला म्हटलं, "आवं, बाहेरची झळ आत येईल. जरा पडा. आत्ता गार व्हईल."

एवढं सांगून मी स्वतः बाहेर गेले. मला आत बसवंना. आंब्याखाली थोडा वारा व्हता, तिथं पदर सोडून निवांत बसले. लय वेळ बसले.

तीनला आत आले. मालक दबक्या आवाजात म्हणालं, "बघ, कशी गाढ झोपलीया."

मी कपाळावरचा पदर सारला. अंग तव्यागत तापलेलं. हाक मारली, ओ न्हाई.

शेजारच्याची जीप आणून धोंडुबाईला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. रस्त्यातच गेली. मालक पूजाला फोन लावायला बाहेर गेलं, तवा तिथल्या नर्सबाईनं मला विचारलं, खोलीत काय केलं व्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, दमट हवेत चादर वाळत नाही. वाळली नाही तर गार कशी करणार? उलट उकडतं. दार उघडून वारा घालायचा होता."

मी बरं म्हटलं.

तेराव्याला भरल्या घरात पूजा बापाच्या पाया पडली. "पप्पा, तुम्ही होता म्हणून आत्याबाईंचा शेवटचा दिवस तरी गारव्यात गेला." मालकांचं डोळं भरून आलं. पाव्हण्यांनी माना हलवल्या. मी पंगतीत भात वाढत व्हते, वाढतच ऱ्हायले. बायका म्हणाल्या, शालूबाई मनाची लय घट्ट. घट्ट कसली. आत काय हालतच नव्हतं.

काल दुपारी आमच्या घरी मालक खाटंवरनं म्हणालं, "शालू, भिजव." भिजवली, पिळली, टांगली.

"गार वाटतंय का?"

"वाटतंय," म्हटलं. खरंच वाटत व्हतं.

मी उठले नि दार सताड उघडलं.

"आगं, झळ येतीया. लाव ते."

"असू द्या," म्हटलं, नि उंबऱ्यावरच बसले. झळ सरळ तोंडावर येत व्हती. चादर वाळली तरी मी उठले न्हाई.