गवंड्याचं बोट

"शहाऐंशी," सून म्हणाली. सासऱ्याच्या बोटावरचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढून तिने पुन्हा लावला. "परत शहाऐंशीच. आई, हा चिमटा देताना नर्सताई काय म्हणाल्या होत्या? नव्वदच्या खाली आलं की विचार करत बसायचं नाही, सरळ दवाखाना."

गवंडीण नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिने चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. लाल उजेड पडला, आकडा जरा घुटमळला आणि सत्त्याण्णववर थांबला.

"यंत्र धडधाकट आहे," ती म्हणाली.

"मग बाबांचंच कमी झालंय ना?"

"अगं, त्यांचं बोट तरी बघ. चुना-सिमेंट खाऊन कातडीचं खेटर झालंय. सुई मोडते त्या बोटात. तुझा तो उजेड कुठून आरपार जाणार?"

गवंडी हसला. ओळंब्याची दोरी सोडून बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती; नजरेनेच भिंत सरळ यायची, म्हणून लोक त्यालाच ओळंबा म्हणायचे.

"भिंतीवर बॅटरी मारतेय पोरगी," तो म्हणाला आणि दम घ्यायला थांबला. "पलीकडं... दिसायचं नाही."

सुनेने हट्टाने एकेक बोट करून पाहिलं. करंगळीला सत्त्याऐंशी आलं.

"बघ," गवंडीण म्हणाली, "करंगळीने काम कमी केलंय, म्हणून एक जास्त."

यावर तिघंही हसली. सून जरा कमीच.

"पण त्यांना दम लागतोय, आई."

"दम काय आजचा आहे? जन्म धुळीत गेला त्यांचा."

हे बोलताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. दवाखान्याच्या पायरीची त्याला लहानपणापासून धास्ती होती. त्याचा बाप त्या पायऱ्या चढून गेला तो खांद्यावरूनच परतला. उभ्या संसारात त्याने बायकोकडे कधी काही मागितलं नव्हतं. आज तोंडाने नाही, पण डोळ्यांनी मागत होता. तिला ते मोडवलं नाही.

"उद्या बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याचा पेला त्याच्या हातातून सुटला. ओठ जांभळे पडले होते. सुनेने शेजाऱ्याची गाडी दारात आणली.

दवाखान्यातल्या सिस्टरने आधी चिमटाच काढला. गवंडीण घाईने पुढे झाली.

"सिस्टर, त्यांच्या बोटाला नीट येत नाही बरं का. गवंडी आहेत ते."

सिस्टर हसली नाही. तिने बोट उलटसुलट करून पाहिलं. "होतं असं कधी कधी. जाड कातडीला आकडा चुकतो. थांबा, कानाला लावू."

तिने दुसरा, लहानसा चिमटा आणून त्याच्या कानाच्या पाळीला लावला. त्या पाळीने कधी थापी धरली नव्हती. बाकी सगळं अंग राठ झालं, तरी तेवढी जागा तान्ह्या पोराच्या कातडीसारखी राहिली होती. गवंडीण त्या आकड्याकडे बघत राहिली.

"एकाहत्तर," सिस्टर म्हणाली. मग खात्रीसाठी तिने बोटाचंही पाहिलं आणि दाराशी आलेल्या डॉक्टरांना सांगितलं, "दोन्हीकडे सारखंच आहे, सर. बोटाचं बरोबर होतं."

ती कामापुरतं बोलली होती. गवंडीण मात्र भिंतीला टेकली.

गवंड्याला मास्क लावला. थोड्या वेळाने त्याने तो बोटाने जरा वर उचलला.

"कानानं... कधी... सिमेंट कालवलं गं?"

"कानाने काहीच केलं नाही," ती म्हणाली. "माझं ऐकायचंसुद्धा काम केलं नाही त्याने."

मास्कच्या आत तो हसला. निदान तिला तरी तसं वाटलं. मास्क तिने नीट बसवला आणि त्याचा हात आपल्या पदराखाली घेतला.

सिस्टर नळी तपासायला आली तेव्हा गवंडिणीने हळूच विचारलं, "काल आणलं असतं तर?"

सिस्टर नळीचा पीळ सोडवत राहिली. "आज आणलंत ना, मावशी," ती म्हणाली.

दिवेलागणीच्या आधीच सगळं आटोपलं. सिस्टरने मास्क काढला, नळी गुंडाळली आणि शेवटी कानाचा चिमटा सोडवला. पाळीवर त्याचा वळ राहिला होता, नखाएवढा खळगा.

गवंडिणीने पाळी दोन बोटांत धरली आणि अंगठ्याने तो वळ चोळू लागली, अगदी हलके, झोपलेला माणूस जागा होऊ नये इतपत.

"आई, चला बाहेर," सून म्हणाली. "सिस्टरना आवरायचंय."

"आले. एवढा वळ जाऊ दे."

सून तिच्या शेजारी उभी राहिली. सिस्टरने पडदा ओढून घेतला. गवंडीण चोळत राहिली. वळ होता तसाच होता.