हट्ट्याचा अंगारा

मीरा रोडच्या त्या सोसायटीच्या आवारात रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. वरसाव्याचा धाकू महाराज नऊ वर्षांच्या अभिनवला एकेक काम सांगत होता आणि अख्ख्या बिल्डिंगला उलट उत्तरं देणारं ते पोरगं मुकाट ऐकत होतं!

"ह्याचे कानान हट्ट्या भूत बसलाय!" महाराज गरजला. "माझा अंगारा खांद्याला लागला, का हट्ट्या गप! शनवारी तापली सळई लावायची, का कायमचा पळाला!"

अभिनवचे वडील दत्ताराम सावे अभिमानाने फुगले. याच गृहस्थांनी गणपतीत विज्ञाननिष्ठेवर पाऊण तास भाषण ठोकलं होतं. शाळेने पोराला काढायची धमकी दिली मात्र, विज्ञाननिष्ठा घरी ठेवून स्वारी टोपी कपाळावर ओढत वरसाव्याला पोचली.

"सळई?" तळमजल्यावरच्या डॉक्टर वैजयंता कांबळे पुढे आल्या. "हंसाताई, तो अंगारा लावता कसा?"

"समोर बसायचं, खांद्याला बोट लावायचं, एकच काम सांगायचं. ओरडायचं नाही," अभिनवची आई म्हणाली आणि चाचरली. "पण महाराजांनी घरी दिलेला अंगारा मंगळवारीच सांडला हो. तेव्हापासून मी काळं मंजन लावतेय."

"मंजनातबी माझीच शक्ती उतरली!" महाराज म्हणाला.

"फिर तो दुकान में पूरा डब्बा है, महाराज!" वाणी ओरडला. आवार हसून लोळलं. महाराज चपला शोधू लागला.

"सावेसाहेब, संध्याकाळी मुलाला काय सांगता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दप्तर उचल, हातपाय धू, शुभंकरोति म्हण, अभ्यासाला बस..." दत्तारामांना धाप लागली.

"त्याचं लक्ष टिकत नाही. त्यातलं एखादंच त्याच्यापर्यंत पोचतं. बाकीच्यासाठी रोज बोलणी आणि मार. मग पोर म्हणतं, जा, नाही करत! अशा बऱ्याच मुलांचं असंच होतं. अंगाऱ्याच्या निमित्ताने तुम्ही त्याच्याशी नीट बोललात, एवढाच चमत्कार. यावर उपचार आहेत. उद्या चला माझ्याबरोबर हॉस्पिटलात."

दत्ताराम खाली बसले. आपण पोराला सळईखाली द्यायला निघालो होतो, या विचाराने त्यांनी अभिनवला जवळ ओढलं.

"अभि, मी सांगतो ते तुला ऐकूच येत नाही का रे?"

"येतं ना," अभिनव म्हणाला. "पण तुम्ही ओरडलात की मला भीती वाटते. मग काय सांगितलं ते लक्षात राहतच नाही."

मंडळी, तुमच्याही घरी असं पोर असेल, तर त्याच्या कानातलं भूत शोधू नका. आधी आपलं तोंड तपासा, आणि मग डॉक्टर गाठा.