आडव्या चौकटी

आठवीच्या वर्गाला मी चित्रकादंबरी वाचायला शिकवते. चित्रात कोण दिसतंय हे शेंबडं पोरही सांगेल. कोण बघतंय, ते ओळखायचं. बघणारा स्वतःच्या चौकटीत सहसा नसतो, फार तर त्याचा हात दिसतो. एवढं सोपं आहे, तरी पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून गृहपाठ दिला: घरातलं एक भांडण चार चौकटींत काढा, पण दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेतून.

माझी लेक याच वर्गात आहे. शाळेत ती मला बाई म्हणते. आठवडाभर घरीही बाईच म्हणतेय, कारण शनिवारी मी तिच्या आजोबांना कायमचं शुश्रूषागृहात पाठवणार आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून माझे वडील बाहेरच्या खोलीत एका कुशीवर पडून असतात. बोलत नाहीत. त्यांना किती कळतं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी मात्र सगळ्यांना सांगते की काही कळत नाही. तसं म्हटलं की बाकीचं सोपं जातं.

लेकीने तिचा कागद फळ्यावर लावला. चौकटी सरळ आणि आतली माणसं आडवी.

"कागद फिरव," मी म्हणाले.

"तो असाच आहे, बाई."

मी मान वाकडी करून पाहिलं. तोंड वासून ओरडणारी मी, आणि समोर ती. मला काही उमगेना. शनिवारवरून झालेल्या त्या भांडणात आम्ही दोघीच होतो, मग हे बघतंय कोण? शिवाय प्रत्येक चौकटीत आमच्या मधोमध एक काळा चौकोन.

"हे काय आहे? शाई सांडली का?"

"ते तुम्ही ओळखायचं, बाई."

वर्ग खुसखुसला. माझं डोकं सटकायच्या बेतात होतं, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या चष्मेवालीने गाल बाकावर टेकवला.

"बाई, असं बघितलं की सगळं सरळ दिसतं. बघणारा झोपलाय."

बघता बघता अख्ख्या वर्गाने माना आडव्या केल्या.

"शेवटच्या चौकटीत त्याचा हात आहे," कुणीतरी म्हणालं. "तो बाईंची बाही धरतोय आणि बाई सोडवून घेतायत."

मला ते आठवलं. त्या दिवशी बाही कशात तरी अडकली, एवढंच मला वाटलं होतं. तरी हार मानायची सवय नाही. मी लेकीला म्हणाले, "ज्याला काही कळत नाही, त्याच्या नजरेतून गोष्ट सांगता येत नाही."

"मग मार्क कापा," ती म्हणाली.

दिवसभर तो कागद माझ्यापुढे होता. मार्क द्यावेत तर बाबांना कळतं हे कबूल करावं लागणार. कापावेत तर चित्र चुकलंय कुठे, ते दाखवावं लागणार, आणि चूक काही केल्या सापडेना. मीच शिकवलेला धडा मला येईनासा झाला.

घरी आले. बाबा जागे होते. मी पलंगाशी खाली बसले आणि त्यांच्या उशीवर डोकं आडवं टेकवलं. खुर्च्या आडव्या झाल्या, दार आडवं झालं. आणि बरोब्बर मधे, स्टुलावर, काळी बॅग होती. त्यांचे कपडे भरून मीच ती तिथे ठेवली होती, शनिवारी घाईत विसरायला नको म्हणून.

मी उठले आणि बॅग दाराशी नेली. बाबांचे डोळे दाराकडे गेले. योगायोग असेल, म्हणून ती खिडकीखाली ठेवली. डोळे खिडकीकडे आले. मी भांबावून बॅग हातात धरून उभीच राहिले. कुठे ठेवावी कळेना. लेक आतल्या दारात उभी होती.

शेवटी बॅग मांडीवर घेऊन मी पुन्हा त्यांच्याजवळ बसले. भावाला विचारून झालं होतं, डॉक्टरांना, शेजाऱ्यांनाही विचारून झालं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्हाला जायचंय का?"

मग त्यांचा हात सरकत सरकत आला आणि त्यांनी माझी बाही धरली.