बिनखुणेचं पाकीट

“कळलं का गं, भिंगरे?”

बावीस वर्षांपूर्वीचा तो आवाज तिच्या कानात अजून तसाच होता, खडूच्या धुळीसकट. आणि आवाजाची धनीण समोर स्टुलावर बसून कपाटाचा खालचा कप्पा उपसत होती. थोरल्या बाई शनिवारी निवृत्त होणार होत्या. त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी, आता त्याच शाळेतली गणिताची धाकटी बाई, त्यांची शिकवण्याच्या साहित्याची पाकिटं एकेक करून स्कॅन करत होती. संगणकात तिने फोल्डर तयार ठेवले होते: इयत्ता, विषय, धडा.

पाकिटं मात्र त्यात बसायला तयार नव्हती.

“बाई, अपूर्णांकांच्या भागाकाराची सात पाकिटं? एक पुरे की!”

“सातजण सात ठिकाणी अडले, त्याला मी काय करू?”

पाकिटांवर धड्याचं नाव नव्हतंच. पोर कुठे अडलं, ते होतं. ‘छेद दिसला की रडतो.’ ‘उत्तर बरोबर, कारण विचारलं की गप्प.’ कोपऱ्यात लाल खूण असेल तर चाललं, पुन्हा वापरायचं. फुली असेल तर नाही चाललं.

“फुलीवाली कशाला ठेवायची? नुसती अडगळ.”

“तुझ्या त्या यंत्रात जागा कमी पडतेय का? राहू दे. उद्या कुणी नवी बाई तीच चूक करायला निघाली, तर तिचा एक दिवस तरी वाचेल.”

धाकटी हसली. यादीत तिने एक नवा रकाना पाडला: कुठे अडलं.

सोमवारी तिला हाच धडा घ्यायचा होता. दरवर्षी ती फळ्यावर लिहायची: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. पोरं माना डोलवायची. उलटा का, असं एखादीने विचारलंच, तर ती घंटा होईपर्यंत उदाहरणं घालायची.

पुढचं पाकीट निळं होतं. आत कागदाच्या तीन लांब पट्ट्या, सहा अर्ध्या. वर बाईंचं गोल अक्षर: ‘कळलं म्हणते.’ कोपरा कोरा.

“ह्यावर खूणच नाही, बाई.”

थोरल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ तिथेच धरलं.

“मैत्रिणी दारात हाका मारत होत्या. मी विचारलं, कळलं का. पोरगी हो म्हणाली आणि भुर्रकन उडाली. मग चाललं की नाही, कसं ठरवायचं? पुन्हा कुठल्या वर्गात काढलं नाही मी ते.”

धाकटीने स्कॅनरचं झाकण उघडलं, मिटलं. मग तीन लांब पट्ट्या टेबलावर मांडल्या. अर्ध्या हातातच राहिल्या.

थोरल्या बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं होतं. लिहीत मात्र नव्हत्या.

“बोल गं. खूण करू की फुली?”

“थांबा, बाई.” तिने अर्ध्या पट्ट्या त्यांच्यापुढे धरल्या. “तेव्हा नव्हतं कळलं मला. अजूनही नाही. पुन्हा एकदा दाखवता?”