लंब्या साहेबाच्या मापाची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फची काठी आहे. गुरं वळायची नव्हे, म्हाताऱ्यांच्या आधाराचीही नव्हे. गोल्फ म्हणजे काय हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जबर धक्का बसला होता. मिशीला मेण लावणारा, चांगला शिकलेला माणूस एवढ्याशा चेंडूला सगळी ताकद लावून लांब उडवतो, मग त्याच चेंडूमागे उन्हातान्हात पायी जातो आणि सापडला की पुन्हा उडवतो! सोळा वर्षं मी हे जवळून पाहिलं, पण मला ते अजून पटलेलं नाही.

माझा जन्म गोंदियाच्या रेल्वेच्या सुतारशेडमधला, एकोणीसशे एकतीस सालचा. माझं डोकं तेंदूच्या काळ्या गाभ्याचं आणि दांडा धामणाचा, जो वाकतो पण मोडत नाही. दोन्ही लाकडं सालेकशाच्या जंगलातली. मला घडवलं मंगरू सुताराने. त्याने माझ्या डोक्याला मागून खोबण पाडली आणि त्यात चक्क वितळलेलं शिसं ओतलं! जन्मल्याजन्मल्या कुणी कुणाच्या डोक्यात शिसं ओततं का? "वजन पायजे ना बाई, नायी त चेंडू उडन कसा?" मंगरू मला म्हणाला. कामात असला की तो लाकडाशी बोलत असे.

मंगरू मूळचा गोरेगावकडचा. शेडमध्ये लागण्याआधी त्याने गावोगावच्या शेतकऱ्यांना कुदळी-कुऱ्हाडींचे दांडे करून दिले होते. माणूस समोर उभा केल्याशिवाय दांडा करायचा नाही, ही त्याची रीत. माणसाने अनवाणी, ताठ, हात सैल सोडून उभं राहायचं. मग मंगरू मनगटापासून जमिनीपर्यंत दोरी धरायचा आणि तिला गाठ मारायचा. डोक्यापर्यंतच्या उंचीकडे तो बघतसुद्धा नसे. "कुदळ मानुस डोक्यानं मारते का हातानं?" एवढंच विचारायचा.

शेडचा मोठा साहेब भलताच उंच होता. सगळे त्याला लंबा साहेब म्हणत. मालगोदामाचा साहेब तेवढाच बुटका, त्याचं नाव ठेंगणा साहेब. कलकत्त्याहून येणाऱ्या काठ्या मात्र सगळ्या एकाच मापाच्या. लंबा साहेब खेळताना धानाची रोवणी करणाऱ्या बाईसारखा वाकायचा आणि संध्याकाळी कंबर धरून बसायचा. ठेंगण्याची काठी चेंडूआधी जमिनीलाच धडकायची.

शेवटी लंब्या साहेबाने मंगरूला बोलावलं. दोघांच्या उंचीचे आकडे लिहिलेली चिठ्ठी हातात दिली. उंची जितकी जास्त तितकी काठी लांब, असा त्याचा साधा हिशेब. मंगरूने चिठ्ठी घडी करून कानामागे खोचली आणि म्हणाला, "जूता निकालो, साहब."

शेडमधल्या करवती थांबल्या. साहेबाचा बेअरा, म्हणजे घरचा नोकर, छोटेलाल याने तर डोळेच मिटून घेतले. साहेबाला जोडे काढायला सांगायचे, तेही एका सुताराने! पण कंबरेचं दुखणं मोठं होतं. साहेब मुकाट्याने अनवाणी उभा राहिला. इतके पांढरे, मऊ पाय त्या शेडच्या जमिनीने कधी पाहिले नसतील.

ठेंगण्या साहेबाचंही तसंच माप घेतलं. मग मंगरूने दोन्ही दोऱ्या शेजारीशेजारी धरल्या आणि साहेब थक्क झाला. दोघांच्या उंचीत हातभर फरक, पण दोऱ्यांत फक्त चार बोटांचा! लंब्या साहेबाचे हात गुडघ्यापर्यंत पोचत होते ना. मंगरूने त्याप्रमाणे आम्हा दोघी बहिणींना घडवलं. ठेंगण्या साहेबाची काठी चार बोटं आखूड आणि तिचं डोकं जरा पसरट बसवलेलं, कारण बुटका माणूस चेंडूपासून लांब उभा राहतो. माझं डोकं उभट बसवलं, कारण उंच माणूस चेंडूजवळ उभा राहतो. साहेबाने बजावलं, "नागपूरवालों से मॅच है. ठीक बैठा तो तुम मिस्त्री. नहीं बैठा तो शेड में मत आना."

मिस्त्री, म्हणजे शेडमधल्या सुतारांचा मुख्य, झाला असता तर मंगरूला पक्क्या भिंतींचं क्वार्टर मिळालं असतं. त्याची बायको अनुसयाबाई दर पावसाळ्यात घरात चार ठिकाणी भांडी ठेवत असे. आता कळलं ना, माझ्या लांबीवर काय अवलंबून होतं ते?

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोघे साहेब आम्हाला घेऊन मैदानावर गेले. ठेंगण्याला त्याची काठी चपखल बसली. लंब्या साहेबाने मला उचललं, जोरात फिरवलं, आणि मी चेंडूच्या टाळूला नुसती चाटून गेले. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबाने मला भाल्यासारखं फेकलं. "छोटा है! कल सुबह तक ठीक करो!"

मंगरू मला शेडमध्ये घेऊन बसला. दोरी लावून बघितली, माप बरोबर. पुन्हा लावली, तरी बरोबर. दुपारी अनुसयाबाई भात-वरण घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "तो ठेंगना कायचे जोडे घालते?"

"कापडाचे. पातळ."

"अन् लंबा?"

"खिळेवाले बूट. टाच दोन बोटं जाड."

"मंग तुमी उघड्या पायाचं माप काऊन घेतलं?"

मंगरूने दोरी खाली टाकली. आयुष्यभर त्याने चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसांना दांडे करून दिले होते. बूट घालून कुणी दांडा हातात घेईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चूक त्याचीच होती. नवा दांडा करावा, तर वाळवलेलं धामण महिनाभर मिळायचं नाही.

"काठी वाढत नायी," अनुसयाबाई डबा उघडत म्हणाली, "त बूट कमी करा."

मित्रांनो, माझ्या डोक्यातलं शिसंसुद्धा गार पडलं! साहेबाच्या बुटाला पटाशी? विलायतेहून आलेल्या बुटाला?

मंगरू मला घेऊन साहेबाच्या बंगल्यामागे गेला, तेव्हा साहेब जेवून झोपला होता. छोटेलालने पॉलिशसाठी बूट बाहेर आणले होते. मंगरूने हात जोडले. छोटेलाल पांढराफटक पडला. "मंगरूभाऊ, मेरी नौकरी जाएगी," म्हणाला, पण बूट ठेवून पाठमोरा उभा राहिला. मंगरूने टाचांचे दोन थर सोडवून काढले, खिळे परत ठोकले आणि कडा घासून काळ्या केल्या. साहेबाच्या त्या टाचा मंगरूच्या मांडीवर पडलेल्या मी पाहिल्या आणि मला घेरी आली.

दुसऱ्या दिवशी साहेबाने मला नाखुशीनेच हातात घेतलं. पाय रोवले. कंबर ताठ राहिली. आणि मी चेंडूला अशी लागले, अशी लागले, की तो नाल्यापलीकडे कापलेल्या धानाच्या शेतातल्या बांधीत जाऊन पडला. नागपूरचे साहेब आ वासून बघत राहिले. लंब्या साहेबाने सामना जिंकला. त्याने सगळ्यांसमोर मंगरूच्या पाठीवर थाप मारली. "आज से तुम मिस्त्री!" मग शेडच्या बाबूला बोलावून सांगितलं, की ही मापाची रीत कागदावर उतरव. अनवाणी पाय, मनगट ते जमीन. हा कागद लाइनीवरच्या सगळ्या सुतारशेडना जाईल.

मंगरू गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. गप्प बस रे, असं मी मनात ओरडत होते. पण त्या कागदावरून ठिकठिकाणचे सुतार आखूड काठ्या करणार आणि ज्याच्या त्याच्या साहेबाचे बोल खाणार, हे त्याला दिसत होतं. तो पुढे झाला. "साहब, कागज मत भेजो. माप गलत है. जूता पहन के लेना था. काठी छोटीच बनी थी, हमने आपका बूट काटा." छोटेलालचं नाव त्याने घेतलं नाही.

साहेबाने पाय उचलून टाच पाहिली. आधी त्याचा चेहरा कोरा झाला, मग लालबुंद. ठेंगणा साहेब नागपूरवाल्यांसमोर हसला आणि तिथेच घात झाला. मंगरूला त्याच दिवशी शेडमधून काढलं. ज्या तोंडाने मिस्त्री केलं त्याच तोंडाने! मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

मी साहेबाकडेच राहिले. त्याच्या बदल्या झाल्या, मी सोबत गेले. दर आठवड्याला छोटेलाल मला जवसाचं तेल लावायचा, पावसाळ्यात फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवायचा. माझ्यावर कुणी ओरखडा उमटू दिला नाही.

सत्तेचाळीस साली साहेब विलायतेला परत गेला आणि मला छोटेलालला देऊन टाकलं. छोटेलाल मला घेऊन भर पावसात थेट गोरेगावकडे मंगरूच्या घरी आला. मंगरू आता म्हातारा झाला होता, पुन्हा कुदळींचे दांडे करत होता. त्याने माझ्या दांड्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "साहेबाची कंबर दुखते का अजून?"

"बिलकूल नहीं," छोटेलाल म्हणाला. "भाऊ, एक बात बोलूं? साहब ने वो बूट की टाच कभी वापस नहीं लगवाई. नए बूट सिलवाए, तो मोची को पुरानी टाच दिखाके बोले, इतनीच रखो, इससे ऊंची नहीं. सोला साल."

अनुसयाबाई छप्पर गळतं तिथे भांडं सरकवत होती, ती तशीच थांबली. "मंग तुमाले काहाडलं कायले?" ती म्हणाली.

छोटेलालने उठून ते भांडं गळतीखाली सरकवलं. मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मला तर सोळा वर्षं तेल लावून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून जपलं. ज्याने मला घडवलं आणि खरं सांगितलं, त्याला जपायचं मात्र राहून गेलं. तुमच्या हातात कुणाची कारागिरी आली, तर आधी त्या माणसाला जपा.